एकच मॉनिटरिंग, अनेक विभाग: कोणाला काय दिसायला हवं?

वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यावरून संस्थांमध्ये बैठका झाल्या की विषय ठरलेले असतात: वेबसाइटवरची संमती, प्रवेश अर्ज, ग्राहकांचे मोबाइल नंबर. मॉनिटरिंग सॉफ्टवेअरचं नाव क्वचितच निघतं. निघालंच तर ‘त्यात काय, सर्व्हर चालू की बंद एवढंच तर कळतं’ असं म्हणून विषय पुढे सरकतो.

प्रत्यक्षात त्यातून बरंच जास्त कळतं, आणि ज्याचा संबंध नाही त्यालाही कळतं.

समजायला सोपं जावं म्हणून पुण्यात जागोजागी असणारी एक रचना घेऊ. एक शिक्षणसंस्था. एकाच आवारात अभियांत्रिकी महाविद्यालय, रुग्णालय, शाळा, वसतिगृह, परीक्षा विभाग आणि पगार काढणारा लेखा विभाग. सर्व्हर रूम एक, आयटीची माणसं पाच-सहा, आणि या सगळ्यांवर नजर ठेवणारं मॉनिटरिंगही एकच. संस्था काल्पनिक आहे, पण खालच्या गळत्या अशा कुठल्याही ठिकाणी तासाभरात तपासून बघता येतील.

## मॉनिटरिंगमध्ये नेमकं काय साठतं

मॉनिटरिंग सॉफ्टवेअर दर काही सेकंदांनी किंवा मिनिटांनी प्रत्येक यंत्राची विचारपूस करतं: प्रोसेसर किती व्यस्त आहे, डिस्क किती भरली, नेटवर्कवरून किती डेटा गेला, अमुक सेवा चालू आहे का. ज्या यंत्रावर नजर ठेवायची त्याला ‘होस्ट’ म्हणतात. त्या यंत्रावर बसवलेला छोटा प्रोग्रॅम म्हणजे ‘एजंट’. आकडा ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेला की जाणारा निरोप म्हणजे ‘अलर्ट’. झॅबिक्स, प्रोमिथियस, नॅजिऑस ही या कामाची ओळखीची सॉफ्टवेअर. ग्राफाना त्यांच्यातले आकडे आलेख करून दाखवतं.

नुसत्या आकड्यांत गुपित ते काय असणार? सोसायटीच्या तळमजल्यावरची मीटरची खोली आठवा. कोणाच्या घरात काय चाललंय ते तिथून दिसत नाही. पण एका मीटरचा आकडा आठ दिवसांत हललेला नाही, हे ज्याला दिसतं त्याला ते घर बंद आहे हेही कळतं. परीक्षा विभागातल्या सर्व्हरचं तसंच. होस्टच्या नावातच ‘प्रश्नपत्रिका’ असेल आणि परीक्षेच्या आदल्या रात्री साडेदहाला त्यावरची वाहतूक एकदम वाढली असेल, तर पेपर कधी आणि कुठल्या यंत्रावर चढला हे आलेखच सांगतो. पासवर्ड फोडायची गरजच पडत नाही.

आकड्यांपलीकडेही पुष्कळ काही येतं. चालू प्रोसेसची यादी घेतली तर तिच्यासोबत पूर्ण कमांड येऊ शकते, आणि कोणी स्क्रिप्टमध्ये पासवर्ड कमांडच्या ओळीतच लिहिला असेल तर तोही. डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाला ‘क्वेरी’ म्हणतात. संथ क्वेरींचा लॉग, म्हणजे नोंदवही, घेतला तर क्वेरीतल्या खऱ्या किमतींसह, म्हणजे रुग्णाच्या नावासह, ओळी येतात. वेबसर्व्हरच्या लॉगमध्ये पत्त्याच्या शेवटी चिकटलेला मोबाइल नंबर असतो. कर्मचाऱ्यांचे डेस्कटॉपही मॉनिटरिंगमध्ये घेतले असतील आणि त्यांना माणसांची नावं दिली असतील, तर कोण किती वाजता मशीन चालू करतं याची हजेरीच तयार होते. ज्या माहितीवरून व्यक्ती ओळखता येते ती कायद्याच्या दृष्टीने वैयक्तिक माहिती. ती अर्जातून आली की आलेखातून, याने फरक पडत नाही.

## पडद्यावरून लपवलं म्हणजे वेगळं झालं असं नाही

इथे सगळ्यांत जास्त गफलत होते. प्रत्येक विभागाचा वेगळा डॅशबोर्ड, म्हणजे आलेखांचं पान, केला, दुसऱ्या विभागाच्या फोल्डरला कुलूप लावलं, मेनूतून नको ती नावं काढली, की काम झालं असं वाटतं. प्रश्न एवढाच विचारायचा: ज्या ठिकाणी डेटाची मागणी होते आणि उत्तर मिळतं, तिथे मागणारा कोण आहे हे बघितलं जातं का? नसेल, तर डॅशबोर्डवरचं कुलूप नुसतं शोभेचं.

ग्राफानाचं उदाहरण घ्या. त्याच्या मोफत, मुक्तस्रोत आवृत्तीत एका ‘ऑर्गनायझेशन’मधला कोणताही वापरकर्ता त्या ऑर्गनायझेशनला जोडलेल्या कुठल्याही डेटास्रोताला (आकडे जिथून येतात त्या जागेला) क्वेरी करू शकतो. ज्याला फक्त बघण्याचा, म्हणजे व्ह्यूअरचा, अधिकार आहे तोसुद्धा. डॅशबोर्डवर ‘विभाग = ग्रंथालय’ असं व्हेरिएबल ठेवलं असेल, तर ब्राउझरमधून जाणाऱ्या विनंतीत ‘ग्रंथालय’च्या जागी ‘रुग्णालय’ लिहिणं एवढंच काम उरतं. ग्राफानाच्या कागदपत्रांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. दोष नाही तो, रचनाच तशी आहे. डेटास्रोतावर वेगळ्या परवानग्या देण्याची सोय एंटरप्राइझ आणि क्लाउड आवृत्त्यांत मिळते. मोफत आवृत्तीत उपाय असा: प्रत्येक विभागाला वेगळी ऑर्गनायझेशन, आणि तिला जोडलेला डेटास्रोतही त्या विभागापुरत्याच मर्यादित लॉगिनने उघडलेला.

शेवटचा भाग हमखास राहून जातो. ग्राफाना झॅबिक्सला जोडताना एक लॉगिन द्यावं लागतं, आणि घाईत तिथे सुपर ॲडमिनचं दिलं जातं. मग झॅबिक्समध्ये दोन दिवस बसून काटेकोर परवानग्या लावलेल्या असल्या तरी ग्राफानाच्या खिडकीतून सगळ्यांना सगळं दिसतं, कारण झॅबिक्सच्या दृष्टीने विचारणारा एकच असतो आणि तो सर्वाधिकारी असतो.

## झॅबिक्समध्ये भिंत कशी उभी राहते

झॅबिक्समध्ये माणसाला थेट होस्टची परवानगी देता येत नाही. माणसं वापरकर्ता-ग्रुपमध्ये, यंत्रं होस्ट-ग्रुपमध्ये, आणि परवानगी ग्रुपला ग्रुपवर. ती चार प्रकारची: वाचणं-बदलणं, फक्त वाचणं, मनाई, किंवा काहीच नाही. नव्या वापरकर्ता-ग्रुपला सुरुवातीला काहीच दिसत नाही. म्हणजे मूळ रचना बंद दाराची आहे, आणि गळती होते ती आपण नंतर उघडलेल्या दारांतून.

नेहमीचं उघडं दार म्हणजे दोन ग्रुपांत असलेला होस्ट. रुग्णालयाचा डेटाबेस सर्व्हर ‘रुग्णालय’ ग्रुपमध्ये आहे, आणि सोयीसाठी ‘लिनक्स सर्व्हर्स’मध्येही टाकलेला आहे. ‘लिनक्स सर्व्हर्स’वर सगळ्या विभागांच्या तंत्रज्ञांना वाचायची परवानगी. झालं, डेटाबेस सर्वांना दिसला. कुठल्याही एका ग्रुपमधून परवानगी मिळाली तरी ती पुरते. अपवाद फक्त ‘मनाई’चा, ती बाकी सगळ्यांवर मात करते. पण मनाईवर भिस्त ठेवू नये. दहा विभागांनी एकमेकांना मनाई करायची म्हटली तर नव्वद नोंदी होतात, आणि अकरावा विभाग आला की त्यात आणखी वीस वाढतात. सरळ मार्ग हा: परवानग्या फक्त विभागवार ग्रुपांवर द्यायच्या. ‘लिनक्स’, ‘विंडोज’, ‘दुसरा मजला’ अशा वर्गीकरणासाठी टॅग, म्हणजे चिकटवलेल्या चिठ्ठ्या, वापरायचे, ग्रुप नाही.

ग्रुपची नावं तिरप्या रेघेने उतरंडीत लिहिता येतात: ‘रुग्णालय/डेटाबेस’, ‘रुग्णालय/प्रयोगशाळा’. वरच्या ग्रुपची परवानगी नव्या उपग्रुपला वारशाने मिळते. हे सोयीचं आहे, पण वेतनाचा सर्व्हर ‘कार्यालय/वेतन’ म्हणून टाकला आणि ‘कार्यालय’ ग्रुप आधीच अर्ध्या संस्थेला खुला असेल, तर त्याच क्षणी तोही खुला झाला. संवेदनशील विभाग वरच्या पातळीवर स्वतंत्र ठेवावेत ते यासाठी.

आपोआप शोध लावणाऱ्या सोयींवरही लक्ष हवं. नेटवर्कवर सापडलेलं नवं यंत्र ठरावीक ग्रुपमध्ये जाऊन पडतं. आभासी सर्व्हर शोधणारं टेम्प्लेट त्यांना क्लस्टरच्या किंवा मूळ यंत्राच्या नावाच्या ग्रुपमध्ये टाकतं, विभागाच्या नाही. असे ग्रुप फक्त सुपर ॲडमिनपुरते ठेवावेत आणि तिथून यंत्र योग्य विभागात हलवल्यावरच इतरांना दिसू द्यावं.

टॅगवर आधारलेली परवानगीही झॅबिक्समध्ये आहे, आणि तिच्याबद्दल मोठा गैरसमज आहे. ती फक्त ‘समस्यां’च्या यादीला लागू होते. वेतनाचा टॅग असलेल्या समस्या लपतील, पण होस्ट वाचायची परवानगी असेल तर त्याच होस्टचे ताजे आकडे शेजारच्याच पानावर उघडे असतात.

मग टेम्प्लेट आणि मॅक्रो. टेम्प्लेट म्हणजे काय-काय मोजायचं याचा साचा, मॅक्रो म्हणजे त्यातल्या बदलत्या किमती. पासवर्डही बहुधा तिथेच ठेवले जातात. होस्टच्या पानावर वारशाने आलेली मॅक्रोही दिसतात, अगदी संपूर्ण झॅबिक्ससाठी ठेवलेली सार्वत्रिक मॅक्रोसुद्धा. म्हणजे रुग्णालयाच्या डेटाबेसचा पासवर्ड सार्वत्रिक मॅक्रोत साध्या मजकुराच्या प्रकारात ठेवला, तर ग्रंथालयाचा ॲडमिन स्वतःच्याच होस्टचं पान उघडून तो वाचू शकतो. पासवर्ड नेहमी ‘गुप्त मजकूर’ या प्रकारात आणि त्या-त्या होस्टवरच ठेवावा. ही सोय ५.० आवृत्तीपासून आहे.

वाचायची परवानगी आणि बदलायची परवानगी यांतला फरकही वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. ज्याला होस्टची मांडणी बदलता येते तो त्यावर नवी मोजणी जोडू शकतो, आणि एजंटला फाइलमधला मजकूर आणायला सांगणारी मोजणी झॅबिक्समध्ये आहेच. एजंटला जी फाइल वाचता येते ती मग त्या माणसालाही वाचता येते. म्हणून दुसऱ्या विभागाच्या यंत्रांवर बदलाची परवानगी कोणालाच नको. एजंटच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘डिनायकी’ या ओळीने फाइल वाचणाऱ्या मोजण्या बंद करता येतात. तिथेच ‘सर्व्हर’च्या ओळीत फक्त मॉनिटरिंगचा आयपी ठेवावा, म्हणजे १००५० पोर्टवर (पोर्ट म्हणजे यंत्राचं क्रमांक दिलेलं दार) दुसरं कोणी एजंटला विचारू शकणार नाही.

## प्रोमिथियसमध्ये भिंतच नाही

प्रोमिथियसमध्ये विभाग ही कल्पनाच नाही. त्याच्या ९०९० पोर्टपर्यंत जो पोहोचला त्याला सगळं दिसतं. २०२१ च्या सुरुवातीला पासवर्ड आणि टीएलएसची, म्हणजे सांकेतिक जोडणीची, सोय आली, पण ती आत येण्यापुरती. आत आल्यावर कोणाला काय, हे प्रोमिथियस बघत नाही. प्रत्येक आकड्याला ‘विभाग’ असं लेबल लावलं तरी ते वर्णन झालं, कुलूप नव्हे.

दोन मार्ग आहेत. एक, समोर असा मध्यस्थ ठेवायचा जो प्रत्येक क्वेरीत त्या माणसाच्या विभागाचं लेबल जबरदस्तीने घालतो. दुसरा, मिमिर किंवा कॉर्टेक्ससारखं सॉफ्टवेअर वापरायचं, ज्यात प्रत्येक विभाग हा वेगळा ‘टेनंट’, म्हणजे भाडेकरू, असतो. यात मेख अशी की कोणता टेनंट हे विनंतीसोबत जाणाऱ्या एका हेडरवरून, म्हणजे वरच्या माहितीच्या ओळीवरून, ठरतं, आणि मिमिर त्या हेडरवर विश्वास ठेवतं. हेडर कोणी लिहिला याची खातरजमा मिमिरच्या समोर ठेवलेल्या गेटवेने करायची असते. गेटवे नसेल तर हेडरमधलं नाव बदललं की विभाग बदलला.

शिवाय यंत्रांवर बसवलेला नोड एक्सपोर्टर ९१०० पोर्टवर आकडे मांडून बसलेला असतो. आवारातल्या नेटवर्कवर तो पोर्ट खुला असेल तर वसतिगृहातला विद्यार्थीही लॅपटॉपवरून ते वाचू शकतो, मध्ये प्रोमिथियस लागतच नाही. फायरवॉलमध्ये फक्त मॉनिटरिंग सर्व्हरला वाट द्यावी. जुन्या स्विचची विचारपूस ज्या पद्धतीने होते त्या एसएनएमपीचीही तीच गत: आवृत्ती १ आणि २सी मध्ये पासवर्डच्या जागी असलेला शब्द उघडाच प्रवास करतो, आणि पुष्कळदा तो अजून ‘पब्लिक’च असतो. आवृत्ती ३ मध्ये ओळख पटवणं आणि सांकेतिकीकरण दोन्ही येतं.

## अलर्टचं मागचं दार

झॅबिक्स एका बाबतीत शिस्तीचं आहे. ज्याला होस्ट वाचायची परवानगी नाही त्याला त्या होस्टचा अलर्ट पाठवत नाही. आणि नेमकी हीच शिस्त एका व्हॉट्सॲप किंवा टेलिग्राम ग्रुपने मोडते. सुपर ॲडमिनच्या खात्यावर त्याचा पत्ता म्हणून ‘आयटी सपोर्ट’ ग्रुप जोडलेला असतो. त्यात चाळीस जण, त्यातले काही बाहेरच्या व्हेंडरचे, काही नोकरी सोडून गेलेले. निरोप येतो: अमुक सर्व्हर, अमुक आयपी, लॉगमधली चुकीची ओळ जशीच्या तशी. परवानग्यांचं सगळं काम त्या एका निरोपात वाहून जातं.

सामायिक ग्रुपवर जाणाऱ्या अलर्टमध्ये तीनच गोष्टी पुरतात: विभाग, तीव्रता आणि समस्येचा क्रमांक. तपशील हवा असेल त्याने क्रमांकावरून लॉगिन करून बघावा. ज्याला परवानगी आहे त्याला दिसेल. दर आठवड्याला पीडीएफ अहवाल जात असेल तर तो कोणाच्या अधिकारात तयार होतो हेही बघावं. झॅबिक्समध्ये प्रत्येक सदस्यासाठी तशी निवड असते: अहवाल बनवणाऱ्याच्या अधिकारात की घेणाऱ्याच्या. पहिला पर्याय निवडलेला असेल आणि बनवणारा सुपर ॲडमिन असेल, तर घेणाऱ्याला सगळ्या संस्थेचं चित्र घरपोच मिळतं.

## ज्या यंत्रावर सगळ्यांचाच हक्क

सर्व्हर विभागांत वाटता येतात. पण मुख्य स्विच, स्टोरेज, आभासी सर्व्हर ज्यावर चालतात ते यंत्र, इंटरनेटची लाइन ही कोणाची? ‘सगळ्यांची’ असं म्हणून सर्वांना वाचायला दिली तर स्विचच्या प्रत्येक पोर्टची वाहतूक सर्वांना दिसते, आणि परीक्षा विभागाचा पोर्ट कोणता हे शोधणं अवघड नसतं.

अशी यंत्रं नेटवर्क गटाच्या मालकीची ठेवावीत. विभागाच्या स्वतःच्या ग्रुपमध्ये एक नावापुरता होस्ट करून, मूळ यंत्रावरून काढलेल्या दोन-तीन मोजण्या तेवढ्या त्यात घ्याव्यात: आपली लाइन चालू आहे का, आपल्या वाट्याची जागा किती उरली. विभागाला प्रत्यक्षात याहून जास्त लागत नाही. ‘आम्हाला पूर्ण स्विच दिसला पाहिजे’ ही मागणी बहुधा सवयीतून येते.

## लॉगमधलं नाव यंत्रावरच झाका

लॉगची ओळ मध्यवर्ती सर्व्हरवर पोहोचल्यावर झाकायला गेलो तर उशीर झालेला असतो. तोवर ती बॅकअपमध्ये गेली, अलर्टमध्ये गेली, कोणाच्या तरी मेलमध्ये गेली. म्हणून ओळ यंत्रावरून निघण्याआधीच, लॉग गोळा करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, झाकणारा नियम लावायचा. मोबाइल नंबर म्हणजे ६ ते ९ पैकी आकड्याने सुरू होणारे दहा आकडे. पॅन म्हणजे पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. आधार म्हणजे बारा आकडे, पहिला ० किंवा १ नाही. शेवटचे चार आकडे ठेवून बाकी फुल्या मारल्या तर तक्रार शोधायलाही अडचण येत नाही. बारा आकड्यांची पावती चुकून झाकली जाते ही कुरकूर खरी आहे. आधारचा शेवटचा आकडा व्हेरहोफ पद्धतीचा तपासणी-अंक, म्हणजे आधीच्या आकड्यांवरून काढलेला, असतो. तो जुळतो का हे बघितलं तर अशा बहुतेक चुका टळतात.

संथ क्वेरींसाठी तर मूळ मजकूर गोळाच करू नये. पोस्टग्रेसमधलं ‘पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्स’ हे विस्तार-मॉड्यूल क्वेरीतल्या किमती काढून त्यांच्या जागी चिन्ह ठेवतं. कोणत्या प्रकारची क्वेरी संथ आहे ते कळतं, रुग्ण कोण ते कळत नाही. क्वेरी सुधारायला पहिलंच लागतं.

या कामाला कायद्याची बाजूही आहे. सर्ट-इन या देशाच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचे आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची. नव्या डेटा संरक्षण नियमांत लॉग वर्षभर ठेवायला सांगितलं आहे. त्यातली मुख्य बंधनं अधिसूचनेनंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. आवश्यक ती सुरक्षा न ठेवल्याचा दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. लॉग जितके जास्त दिवस ठेवायचे तितकं त्यात काय पडून आहे हे महत्त्वाचं होतं.

## ‘आपण सगळे एकाच संस्थेतले, लपवायचं काय?’

रुग्णाने आपली माहिती रुग्णालयाला दिली, ग्रंथालयाला नाही, हे एक. दुसरं, भीती सहकाऱ्याची नाही, त्याच्या चोरीला गेलेल्या पासवर्डची आहे. मॉनिटरिंगमध्ये सर्व यंत्रांची नावं, आयपी आणि सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या एका ठिकाणी मिळतात. घुसखोराला याहून चांगला नकाशा कोणी देणार नाही. डिसेंबर २०२० मध्ये सोलरविंड्सच्या ओरायन या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्येच घुसखोरी झाल्याचं उघड झालं. ते अपडेट घेतलेल्या ग्राहकांचा कंपनीने दिलेला आकडा १८,००० पर्यंतचा होता.

झॅबिक्समध्येही २०२४ च्या अखेरीस सीव्हीई-२०२४-४२३२७ (सीव्हीई म्हणजे जाहीर दोषांना मिळणारा क्रमांक) हा दोष जाहीर झाला. तीव्रता १० पैकी ९.९. एपीआय (पडद्याऐवजी प्रोग्रॅममधून माहिती मागवायची वाट) वापरायची मुभा असलेला अगदी साधा वापरकर्ताही त्यातून आपले अधिकार वाढवू शकत होता, आणि साध्या वापरकर्त्याच्या मूळ भूमिकेत ती मुभा असतेच. ६.०.३२, ६.४.१७ आणि ७.०.१ मध्ये दुरुस्ती आली. अनेक विभाग एकाच सर्व्हरवर असताना असा दोष सगळ्या भिंती एकदम पाडतो. म्हणून ज्यांना एपीआय लागत नाही त्यांच्या भूमिकेतून तो काढून टाकावा, आणि अपडेट ‘परीक्षा झाल्यावर बघू’ म्हणून ढकलू नये.

## ‘रात्री दोनला बिघाड झाला तर परवानग्या मागत बसायचं?’

आक्षेप रास्त आहे. दोन विभागांमधल्या बिघाडात दोन्हीकडचं दिसावं लागतं. त्यासाठी ‘आणीबाणी’ नावाचा वापरकर्ता-ग्रुप आधीच करून ठेवावा, त्याला सर्व विभागांवर फक्त वाचायची परवानगी द्यावी, आणि एरवी त्यात कोणीही नसावं. पाळीवरच्या माणसाला त्यात घालायचा अधिकार दोघांकडे. घातल्याची नोंद ऑडिट लॉगमध्ये आपोआप होते. चार तासांनी त्याला बाहेर काढणारी छोटी स्क्रिप्ट एपीआयवरून चालवता येते. स्क्रिप्ट लिहायचीच, कारण सकाळी कोणी आठवणीने काढत नाही. आणि दुसऱ्या दिवशी त्या विभागाच्या प्रमुखाला एक ओळीचा मेल: काल रात्री कोणी, किती वेळ, कशासाठी बघितलं.

## ‘मग प्रत्येक विभागाला वेगळा सर्व्हरच द्या ना’

सहा विभाग म्हणजे सहा झॅबिक्स, सहा डेटाबेस, सहा बॅकअप, प्रत्येक सुरक्षा-अपडेट सहा वेळा. पाच-सहा माणसांच्या आयटीत त्यातले दोन तरी वर्षभर जुन्या आवृत्तीवर राहणार. वेगळा पण जुना सर्व्हर हा सामायिक पण अद्ययावत सर्व्हरपेक्षा धोकादायक. आमच्या मते वेगळा सर्व्हर एक-दोन ठिकाणीच शोभतो: रुग्णालय, आणि फार तर परीक्षा विभाग. बाकीच्यांना एकाच सर्व्हरवर नीट आखलेले ग्रुप पुरतात.

मधला मार्ग म्हणून प्रत्येक विभागात झॅबिक्स प्रॉक्सी, म्हणजे आकडे गोळा करून मध्यवर्ती सर्व्हरकडे पाठवणारा मध्यस्थ, बसवा असं सुचवलं जातं. प्रॉक्सी चांगलीच आहे. विभागाच्या नेटवर्कमधून बाहेर एकच वाट उघडावी लागते, लाइन तुटली तर ती आकडे साठवून ठेवते. पण गोपनीयतेची भिंत ती नाही. गोळा केलेलं सगळं शेवटी मध्यवर्ती डेटाबेसमध्येच जातं, तेही सर्व विभागांचं एकाच टेबलांत.

## ‘सुपर ॲडमिनला तर सगळं दिसतंच’

दिसतं. झॅबिक्समध्ये सुपर ॲडमिनला होस्ट-ग्रुपच्या परवानग्यांनी अडवता येत नाही, आणि हे लपवण्यात अर्थ नाही. करता येण्यासारखं एवढंच: अशी खाती दोन किंवा तीन, प्रत्येक एका माणसाच्या नावाची, ‘ॲडमिन’ नावाचं मूळ खातं बंद, रोजच्या कामाला त्याच माणसांची वेगळी, कमी अधिकाराची खाती. आणि ऑडिट लॉग रोज अशा ठिकाणी पाठवायचा जिथे या दोघा-तिघांना तो पुसता येणार नाही. लेखा विभागाच्या किंवा अंतर्गत हिशेब तपासनिसाच्या ताब्यातलं साधं स्टोरेजही त्याला चालतं.

## तपासायचं कसं

परवानग्यांचं पान वाचून काही कळत नाही. प्रत्येक विभागासाठी एक चाचणी-खातं करावं, त्या विभागाच्या साध्या तंत्रज्ञाला असतात नेमके तेवढेच अधिकार देऊन, आणि त्या खात्याने आत जाऊन बघावं. होस्टची यादी मोजा. विभागाच्या यंत्रांच्या नोंदवहीतली संख्या आणि इथली संख्या जुळली पाहिजे. एकही जास्त निघाला तर तो कोणत्या ग्रुपमधून आला ते शोधा. शोधखिडकीत दुसऱ्या विभागाच्या सर्व्हरचं नाव टाका. ताजे आकडे, समस्या, नकाशे, सार्वजनिक केलेले डॅशबोर्ड उघडा. मग त्याच खात्याचं टोकन (पासवर्डऐवजी चालणारी किल्ली) घेऊन एपीआयवरून ‘होस्ट डॉट गेट’, म्हणजे होस्टची यादी, मागवा. यादी पडद्यावरच्याइतकीच यायला हवी. एपीआय बंद ठेवलेला असेल तर विनंती नाकारली जायला हवी. ग्राफानामध्ये डॅशबोर्डची क्वेरी बदलून दुसऱ्या विभागाचं नाव घाला. आकडे आले तर डेटास्रोताचं लॉगिन चुकलेलं आहे.

यातलं एपीआयवरचं मोजणं स्क्रिप्टने रोज करता येतं: प्रत्येक चाचणी-खात्याला किती होस्ट दिसतात, कालच्यापेक्षा वाढले का. त्यासाठी चाचणी-खात्यांना वेगळी भूमिका देऊन तिच्यात एपीआय तेवढा चालू ठेवावा. वाढले तर अलर्ट, आणि तो त्या विभागाच्या प्रमुखाला.

शेवटी बॅकअप बघा. डेटाबेसचा रोजचा डंप, म्हणजे पूर्ण प्रत, एखाद्या सामायिक फोल्डरमध्ये उघडा पडत असेल, तर वरच्या सगळ्या परवानग्या त्याला लागू होत नाहीत. तो सांकेतिक करून ठेवा, किल्ली त्याच सर्व्हरवर ठेवू नका, आणि चाचणीसाठी व्हेंडरला द्यायची प्रत कधीही खऱ्या डंपमधून बनवू नका.